‘सगळ्यांचं करणारी ताई’ भीष्म निघाली तेव्हा: एका कादंबरीच्या ड्राफ्टचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचं आहे. तिचं नाव, कादंबरीचं नाव, पात्रांची नावं इथे देत नाहीये, ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत, पण काय झालं आणि कुठल्या क्रमाने झालं ते जसंच्या तसं आहे. आम्ही काहीजण एकमेकांची हस्तलिखितं वाचून त्यावर बोलतो, त्यामुळे पहिल्या ड्राफ्टपासून शेवटच्या ड्राफ्टपर्यंत सगळं माझ्या डोळ्यासमोर घडलं.

कथा एका कुटुंबाच्या छापखान्याची. वडिलांनी दुसरं लग्न केलं, पहिल्या बायकोची एक मुलगी, ती घरातली मोठी ताई. दुसरीला दोन मुलगे, त्यातला थोरला लवकर गेला आणि धाकटा जरा हलक्या कानाचा. प्रेस ताईच चालवते, किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे, कामगारांचे पगार तिच्याकडे, पण कागदोपत्री ती कुणीच नाही. लग्न केलेलं नाही. धाकट्याची बायको, म्हणजे वहिनी, हुशार आहे आणि कादंबरी सुरुवातीला तिच्या बाजूने सांगितलेली होती.

लेखिकेने लिहायला बसायच्या आधी प्रत्येक पात्राची शीट बनवली होती, वय, सवयी, भीती, इच्छा आणि एक रकाना आर्किटाइपचा, म्हणजे पात्र कुठल्या मूळ साच्यातलं त्याचा. तो तिने बारा आर्किटाइपच्या चार्टवरून भरला होता, तो चार्ट लिहिणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. ताईच्या पुढे होतं ‘केअरगिव्हर’ (सगळ्यांचं करणारी), मामापुढे ‘ट्रिकस्टर’ (लबाड, खोडकर), वहिनीपुढे ‘रिबेल’ (बंडखोर). इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण हा गैरसमज फार पसरलाय, ती बाराची यादी आर्किटाइपची कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची नाही. युंग (1875–1961) छाया, माता, बालक, ज्ञानी वृद्ध, ट्रिकस्टर अशा प्रतिमांबद्दल बोलतो पण त्याने बाराचा संच असा कुठे दिलेला नाही, तो पुढे कॅरल पिअर्सनच्या कामातून आला आणि मग ब्रँडिंगवाल्यांनी उचलला. युंगचं म्हणणं तर असं की आर्किटाइप हा मुळात रिकामा साचा, त्यात प्रत्यक्ष चित्र भरतं ते त्या त्या माणसांच्या कथांमधून. या प्रकरणात नेमका हाच फरक पुढे कामाला आला.

अडचण काय होती

पहिला ड्राफ्ट वाचून सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ताई आवडते पण ती खरी वाटत नाही. चांगली आहे, सोसते, सगळ्यांचं करते, आणि पन्नास पानांनंतर तिच्याबद्दल काही नवीन कळतच नाही. लेखिकेने त्यावर उपाय म्हणून तिला थोडे दोष दिले, चिडचिड दिली, एक जुनं अपुरं प्रेम दिलं, तरी फरक पडेना, कारण हे सगळं वरून चिकटवलेलं होतं.

मग तिने हीरोज जर्नीचा, म्हणजे नायकाच्या प्रवासाच्या ठरलेल्या टप्प्यांचा, आराखडा लावून पाहिला. जोसेफ कॅम्बेलची ही मांडणी 1949 ची, पुढे ख्रिस्तोफर व्होगलरने ती पटकथाकारांसाठी सोपी केली आणि आज ती लेखनाच्या जवळपास प्रत्येक कोर्समध्ये असते. पण त्यात पहिली पायरीच अशी की नायक घर सोडून निघतो. ताई कुठे जातच नाही! तिचा सगळा जोरच न जाण्यात आहे. लेखिकेने तिला ओढूनताणून दुसऱ्या शहरात पाठवलं, तिथे तिला एक गुरू भेटवला, आणि ती तीन प्रकरणं इतकी निर्जीव झाली की तिने स्वतःच काढून टाकली.

ओळख पटली तो सीन

कादंबरीच्या मध्यावर एक सीन आहे. धाकट्याने कर्ज काढून कुठेतरी पैसे घातलेत आणि ते बुडालेत, आधी त्याने स्वतःचा हिस्सा गहाण टाकलाय, मग वहिनीच्या नावावर असलेली दोन मशिनं. प्रेसच्या ऑफिसात सगळे जमलेत. वहिनी कागद घेऊन आत येते आणि विचारते, ‘यांचा स्वतःचा हिस्साच आधी गेला होता, मग माझ्या नावावरची मशिनं गहाण टाकायचा अधिकार यांना उरला होता का?’ कुणी काही बोलत नाही. ती ताईकडे बघते, ‘ताई, तुम्ही तरी सांगा.’ ताई किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत म्हणते, ‘प्रश्न तुझा बरोबर आहे गं, पण हे फार गुंतागुंतीचं आहे, मला नाही सांगता यायचं.’

आमच्यातला एकजण म्हणाला, अहो हे तर सभापर्व आहे. आणि ते खरंच होतं. द्यूतसभेत द्रौपदीचा प्रश्न हाच, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का. लेखिका चकित झाली, तिच्या डोक्यात महाभारत नव्हतंच, तिला एका आर्थिक व्यवहाराचा पेच लिहायचा होता.

सगळ्यांचं लक्ष अर्थातच वहिनीकडे गेलं, वहिनी द्रौपदी, झालं काम. मात्र लेखिकेने विचारलं, मग माझी ताई कोण? थोडा वेळ कुणालाच सुचेना, कुंती म्हणून पाहिलं, गांधारी म्हणून पाहिलं, बाई आहे म्हणून आपण बायकांतच शोधत होतो. मग कुणीतरी ताईचं उत्तर पुन्हा मोठ्याने वाचलं. सभेत द्रौपदीला हेच उत्तर कोण देतो? भीष्म. धर्म सूक्ष्म आहे, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचा नीट निवाडा मला करता येत नाही, असं तो म्हणतो.

त्यानंतर आम्ही ड्राफ्ट मागे चाळत गेलो. सातव्या प्रकरणात, तीन-चार ओळींत उरकलेला एक भूतकाळ होता. वडिलांच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी नव्या बायकोचा भाऊ, म्हणजे मामा, अट घालतो की प्रेस माझ्या बहिणीच्या मुलांनाच मिळाला पाहिजे. ताई तेव्हा बावीस वर्षांची, ती म्हणते मी हक्क सांगणार नाही. मामा म्हणतो, ‘तू नाही सांगणार, पण उद्या तुझी मुलं?’ आणि ताई म्हणते, मी लग्नच करणार नाही. सत्यवतीच्या बापाने देवव्रताला घातलेली शंका आणि त्यावरची प्रतिज्ञा, अगदी जशीच्या तशी, आणि तीन ओळींत, जाता जाता! आम्ही सगळे ते वाचून ‘किती त्याग’ म्हणून पुढे गेलो होतो, कारण शीटवर लिहिलेलंच होतं ना, केअरगिव्हर.

इथे मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. केअरगिव्हर हे लेबल ताईला लागू होतंच, चुकीचं नव्हतं, पण त्यातून पुढचा एकही प्रश्न निघत नव्हता. भीष्म म्हटल्याबरोबर प्रश्नांची रांग लागली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच करायचं नाही. न कळत आलंय ते न कळतच राहू दे, लेखिकेने जास्त विचार केला तर हात आखडेल. हा मुद्दा आमच्यातल्या दोघांनी फार मनापासून मांडला आणि तो हलका नाही, पात्राचं मूळ कळल्यावर ते पात्र लिहिताच न येणारे लोक मी पाहिलेत.

दुसरा, उघड पुनर्कथन करायचं. नावं सूचक ठेवायची, प्रकरणांना पर्वांची नावं द्यायची. लेखिकेला चार दिवस हे फार आवडलं होतं. पण मग वाचक पहिल्या पानापासून ताळा जुळवत बसतो, हा कोण तो कोण, आणि कादंबरी कोडं होऊन बसते.

तिसरा, साम्य पुसून टाकायचं, म्हणजे प्रतिज्ञाच काढायची. हा कुणालाच पटला नाही, कारण प्रतिज्ञा काढली तर ताई उरतच नाही.

चौथा, साम्य आतल्या आत ठेवायचं आणि भीष्माच्या कथेतला एकेक प्रसंग घेऊन विचारायचं, आपल्या ड्राफ्टमध्ये याच्या जागी काय आहे? काही नसेल तर का नाही? असेल आणि वेगळं असेल तर तो वेगळेपणा आपल्याला हवाय का? लेखिकेने हा निवडला. कारण तिने सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं, तिला भीष्म लिहायचा नव्हता, तिला ताई कुठे गप्प बसते ते शोधायचं होतं आणि त्यासाठी कुणीतरी आधी केलेला शोध हाताशी हवा होता.

काय केलं

पहिल्यांदा तिने प्रसंगांची यादी केली. प्रतिज्ञा, वडिलांनी दिलेलं इच्छामरण, काशीच्या राजकन्या पळवून आणणं, अंबा, विचित्रवीर्य गेल्यावर सत्यवतीने केलेली विनंती, सभेतलं मौन, कौरवांचं सेनापतिपद, स्वतःच्या वधाचा उपाय पांडवांना स्वतःच सांगणं, शरशय्या. मग प्रत्येकासमोर आपल्या हस्तलिखितातला पान नंबर टाकला. काही रकाने भरले, काही रिकामे राहिले.

अंबेचा रकाना रिकामा होता, आणि यानेच कादंबरी बदलली. अंबेची गोष्ट अशी की तिचं मन शाल्वावर, भीष्म तिला भावासाठी पळवून आणतो, कळल्यावर सन्मानाने परत पाठवतो, पण शाल्व तिला घेत नाही, ती परत येते तर भीष्म म्हणतो माझी प्रतिज्ञा आहे. तिने जायचं कुठे? म्हणजे प्रतिज्ञेची किंमत प्रतिज्ञा करणाऱ्याने एकट्याने दिलेली नाही, ती दुसऱ्या कुणीतरी दिली ज्याला कुणी विचारलंही नव्हतं. लेखिकेने स्वतःला विचारलं, ताईच्या त्यागाची किंमत कुणी दिली?

उत्तर ड्राफ्टमध्येच होतं, दोन ओळींत. एक प्रूफं तपासणारी बाई. ताईने तिला दुसऱ्या प्रेसमधली चांगली नोकरी सोडायला लावून आणलेलं असतं, तुला इथे इनचार्ज करू म्हणून. धाकट्याला ती नको असते. ताई म्हणते मी कोण ठरवणारी, प्रेस त्यांचा आहे. जुन्या ठिकाणी तिला परत घेत नाहीत. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिचा उपयोग फक्त एवढाच की ताईला किती अडचणीतून काम करावं लागतं ते दिसावं. नव्या ड्राफ्टमध्ये ती कादंबरीचा दुसरा खांब झाली. वाटण्यांचा खटला उभा राहतो तेव्हा ती साक्षीदार म्हणून येते, आणि ताईचा वकील म्हणतो हिला खोटं पाडणं सोपं आहे, तर ताई नाही म्हणते, हिच्याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. अंबाच पुढच्या जन्मी शिखंडी होते, त्या शिखंडीसमोर भीष्माने शस्त्र खाली ठेवणं इथे कसं उतरलंय ते ज्याला दिसेल त्याला दिसेल, न दिसणाऱ्याला पण तो सीन पूर्ण लागतो, कारण ताई का गप्प बसली ते त्याने आधी वाचलेलं असतं.

याच काळात लेखिकेने इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ (1967) मधलं भीष्मावरचं प्रकरण वाचलं. त्यात एक विचार आहे, माझ्या शब्दांत सांगतो, माणूस स्वतःसाठी काही करतो तेव्हा त्याला कुठेतरी मर्यादा असते, पण दुसऱ्यासाठी करायला निघाला की त्याला मर्यादाच राहत नाही, कारण कुठल्याही वागण्याला ‘मी माझ्यासाठी थोडंच करतोय’ हे समर्थन तयार असतं. हे वाचल्यावर तिने ताईचे सगळे संवाद परत काढले आणि जिथे जिथे ‘माझ्यासाठी नाही गं’ या अर्थाचं काही होतं तिथे खूण केली. जवळपास प्रत्येक खुणेच्या पुढे-मागे ताईने कुणावर तरी जबरदस्ती केलेली होती. ती तोपर्यंत लेखिकेलाही दिसली नव्हती. ताई तिथे पहिल्यांदा माणूस झाली, प्रेमळ आणि भीतिदायक दोन्ही एकदम, आणि त्यासाठी तिला वरून एकही दोष द्यावा लागला नाही.

सत्यवतीच्या विनंतीचा प्रसंग

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. दोन्ही मुलगे निपुत्रिक गेल्यावर सत्यवती भीष्माला म्हणते, आता वंश राख, लग्न कर, राज्य घे. म्हणजे ज्यांच्यासाठी प्रतिज्ञा केली त्यांनीच ती मोकळी केली, तरी तो नाही म्हणतो. मग ती प्रतिज्ञा आता कुणासाठी आहे?

कादंबरीत सावत्र आई म्हणते, ‘सोड आता ते, प्रेस तुझ्या नावावर करून घे, नाहीतर सगळं जाईल.’ लेखिकेने दोन्ही शेवट लिहून पाहिले. नकाराचा शेवट ताकदीचा होता, भव्य होता, आणि आम्हा बहुतेकांना तोच आवडला. होकाराचा शेवट अवघडलेला होता, ताई सही करते, आणि सही केल्यावर तिला कळतं की आता ‘माझ्यासाठी नाही’ म्हणायची सोय गेली, आता जे होईल त्याचा जाब तिलाच द्यायचाय. तिने होकार ठेवला. तिचं म्हणणं, नकार भीष्माचा आहे, तो आधीच कुणीतरी लिहून ठेवलाय, माझ्या ताईने तिथे वेगळं वागलं नाही तर मी ही कादंबरी का लिहिली. मला ते त्या दिवशी पूर्ण पटलं नव्हतं, पण छापील मजकूर वाचताना पटलं.

मधे एकदा गाडी रुळावरून घसरली

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये एक टप्पा असा आला की सगळंच जुळवायची ओढ लागली. शरशय्या आहे म्हणून ताई आजारी पडून हॉस्पिटलमध्ये. भीष्म दहा दिवस सेनापती म्हणून खटल्याच्या दहा तारखा. शरशय्येवर त्याने अठ्ठावन्न रात्री काढल्या म्हणून ताईचं वय अठ्ठावन्न. शांतिपर्वातला उपदेश आहे म्हणून ताईचं पुतणीला लांबच लांब भाषण. हे वाचताना कंटाळा यायचा आणि का येतोय ते लगेच कळायचं नाही, कारण प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर ठीक होती. शेवटी एक साधी कसोटी ठरवली, महाभारताचं नावही न ऐकलेल्या वाचकाला हा सीन का आहे ते कथेतूनच कळेल का? नाही कळत तर सीन जाईल. त्या कसोटीत हॉस्पिटल गेलं, भाषण गेलं, दहा तारखा गेल्या.

मामाचं वेगळंच झालं. ताईचा भीष्म सापडल्यावर उत्साहात मामाला शकुनी ठरवलं गेलं, आणि तोपर्यंत मजेशीर, थोडा घाबरट, बहिणीची खरी काळजी करणारा माणूस दोन प्रकरणांत खलनायक झाला. खरं तर तो दाशराज होता, सत्यवतीच्या म्हणजे मुलीच्या भविष्याची हमी मागणारा बाप, फक्त इथे भाऊ. अट क्रूर आहे पण ती प्रेमातून आलीय. लेखिकेने जुना मामा परत आणला.

निष्पत्ती

कादंबरी एका प्रकाशकाने परत केली, दुसऱ्याने काही काटछाट सुचवून घेतली. दृष्टिकोन बदलला, आता अर्धी कथा वहिनीच्या नजरेतून आणि अर्धी त्या प्रूफं तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून येते, ताईच्या मनात लेखिका कुठेच शिरत नाही. प्रतिज्ञेच्या तीन ओळींचं पूर्ण प्रकरण झालं आणि ते सुरुवातीला न येता सहीच्या सीनच्या अगदी आधी येतं. वाचलेल्यांपैकी काहींना भीष्म दिसला, बऱ्याच जणांना दिसला नाही, आणि न दिसणाऱ्यांनीही ताईबद्दल तासतासभर वाद घातले, ती बरोबर होती की चूक. पहिल्या ड्राफ्टच्या वेळी ताईवर कुणी वाद घातला नव्हता, सगळे फक्त तिला चांगली म्हणत होते.

वेगळं काय करता आलं असतं

आर्किटाइपचा रकाना लिहायच्या आधी भरायलाच नको होता असं मला आता वाटतं. एक ड्राफ्ट होऊ द्यावा, मग पात्र संकटात नेमकं काय म्हणतं आणि काय म्हणत नाही ते वेगळं काढावं, आणि तिथून मागे शोधत जावं. ताई सापडली ती तिच्या एका वाक्यावरून, स्वभावाच्या वर्णनावरून सापडली नाही, त्या शीटवरचं वर्णन तर आमची दिशाभूलच करत होतं.

पहिलं जे नाव सुचतं त्यावर थांबायला नको. वहिनी द्रौपदी, हे कुणालाही सुचेल. आपल्याकडे तर जरा अन्याय झालेला नायक दिसला की तो कर्ण, असं लगेच होतं आणि त्यात तो माणूस झाकला जातो. त्याच सभेत विकर्ण आहे, कौरवांतला असून बोलणारा, विदुर आहे, बोलूनही ज्याचं कुणी ऐकत नाही. ताई यांच्यापैकी कुणी का नाही हे आधी तपासलं असतं तर तिचं मौन अजून लवकर उलगडलं असतं.

स्त्री पात्राचं मूळ स्त्री पात्रांतच शोधायची सवय सोडायला हवी, हे तर फारच. भीष्माची प्रतिज्ञा एका मुलीच्या तोंडी आली की तिचा अर्थच बदलतो, मुलाने हक्क सोडला तर लोक त्याला भीष्म म्हणतात, मुलीने सोडला तर तो तिचा नव्हताच असं धरून चालतात. कादंबरीत हे आलंय पण ओझरतं, यावर अजून एक सीन हवा होता असं मी शेवटपर्यंत म्हणत होतो आणि लेखिकेचं उत्तर होतं की तो वहिनीच्या नजरेतून लिहिता येत नाहीये.

आणि सावत्र आई राहिलीच. यादीत सत्यवती फक्त विनंती करणारी म्हणून आली, तिची स्वतःची गोष्ट, लग्नाआधीचा मुलगा व्यास, नावेवरचं आयुष्य, राजघरात आल्यावर दोन्ही मुलांचे मृत्यू, हे कुणी उघडलंच नाही. त्यामुळे कादंबरीतली आई अजूनही निरोप घेऊन आल्यासारखी येते आणि जाते. लेखिकेने आता तिच्यावर वेगळी कथा लिहायला घेतलीय, आणि या वेळी शीट बनवलेली नाही.